श्रीमंत संघाला नेमकं काय विकत मिळतं? बेसबॉलमधला पैसा आणि विजय

२ नोव्हेंबर २०२५ ही तारीख आपल्याकडे वेगळ्या कारणासाठी लक्षात राहील. त्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. पण त्याच दिवशी सकाळी, आपल्याकडे नऊ वाजत आले असताना, टोरांटोमध्ये शनिवारची रात्र साडेअकराकडे झुकली होती आणि बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा, निर्णायक सामना शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये आला होता. टोरांटो ब्लू जेज ४-३ ने पुढे होते. दोन बॅटर बाद केले की विजेतेपद त्यांचं.

बॅटिंगला आला लॉस एंजेलिस डॉजर्सचा मिगेल रोहास. वय ३६. ओळख बॅटिंगपेक्षा फिल्डिंगसाठी. वर्षाचा पगार ५० लाख डॉलर. ही रक्कम तुमच्याआमच्यासाठी डोळे दिपवणारी आहे, पण त्या संघात ती किरकोळ गणली जाते. रोहासने होम रन, म्हणजे चेंडू थेट सीमेपार नेणारा फटका, मारला आणि बरोबरी झाली, म्हणून सामना जादा इनिंगमध्ये गेला. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होम रनने डॉजर्स ५-४ ने पुढे गेले. शेवटच्या इनिंग टाकून सामना संपवला पिचर (चेंडूफेक करणारा) योशिनोबु यामामोतोने. आदल्याच रात्री त्याने सहा इनिंग टाकल्या होत्या, आणि त्याचा करार १२ वर्षांचा, साडेबत्तीस कोटी डॉलरचा आहे.

डॉजर्स सलग दुसऱ्या वर्षी विजेते ठरले आणि जुनाच वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, विजेतेपद विकत घेतलं. दुसरी म्हणते, मग रोहासचं काय? मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही बाजू अर्धंच चित्र बघतात. पैशाने बेसबॉलमध्ये काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे नीट उलगडलं की हा खेळ कसा चालतो तेही कळतं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो. त्यातून १२ संघ ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये जातात. आपण आयपीएल बघतो. तिथे लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखीच असते. २०२५ च्या हंगामासाठी झालेल्या मोठ्या लिलावात ती १२० कोटी रुपयांची होती. एक रुपयाही जास्त खर्च करायची सोय नव्हती. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्येही पगारांवर मर्यादा आहे. बेसबॉलमध्ये तशी मर्यादा नाही. १९९४ मध्ये मालकांनी ती लादायचा प्रयत्न केला, तेव्हा १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सीरिज झालीच नाही. दोन महायुद्धांत जी स्पर्धा बंद पडली नव्हती, ती पगाराच्या भांडणात बंद पडली.

मर्यादेऐवजी आहे तो एक कर. लोक त्याला लक्झरी टॅक्स म्हणतात. २०२५ साली पगारांची बेरीज २४ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर कर लागू होत होता. जो संघ वर्षामागून वर्ष ही रेषा ओलांडतो, त्याचा दर वाढत जातो, आणि रेषेपासून जितकं दूर जावं तितका अधिभारही चढतो. अगदी वरच्या टप्प्यात खेळाडूला दिलेल्या एका डॉलरमागे एक डॉलर दहा सेंट कर भरावा लागतो. डॉजर्स त्याच टप्प्यात आहेत. २०२५ मध्ये कराच्या हिशेबात त्यांचे पगार ४० कोटी डॉलरच्या वर गेले आणि कर भरावा लागला तो सुमारे १७ कोटी. नुसता हा करच कित्येक संघांच्या वर्षभराच्या सगळ्या पगारांपेक्षा जास्त भरतो.

एवढी दरी असताना गरीब संघ जिंकतात कसे? उत्तर पगाराच्या शिडीत आहे. या सगळ्या विषयाचं मूळ मला तिथेच दिसतं, म्हणून इथे जरा थांबू.

नवा खेळाडू मेजर लीगमध्ये आला की पहिली साधारण तीन वर्षं संघ त्याला ठरवील तो पगार देतो, आणि तो बहुधा किमान वेतनाच्या आसपास असतो. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होतं. त्यापुढची तीन वर्षं पगारावर एकमत झालं नाही, तर लवादाकडे जाता येतं. त्यामुळे पगार वाढतो, पण खुल्या बाजारातला भाव काही मिळत नाही. मेजर लीगमधली सेवेची सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा होतो. त्याला फ्री एजंट म्हणतात. ज्यांचे आकडे आपण बातम्यांत वाचतो ते बहुतेक करार या मोकळ्या झालेल्या खेळाडूंचे असतात: शोहेई ओतानीचे दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर, वान सोतोचे पंधरा वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी.

हे मोकळं होणंही फुकट मिळालेलं नाही. १९७५ पर्यंत खेळाडू एका संघाशी जन्माचा बांधलेला असे. करार संपला तरी संघ तो आपल्या मर्जीने पुढे ओढत राही. कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने १९६९ मध्ये सेंट लुइसहून फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, आपण विकायची वस्तू नाही असं सांगितलं आणि सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. १९७२ मध्ये तो हरला. त्याची कारकीर्द त्यात संपली. तीन वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या खटल्यात लवाद पीटर साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला आणि दार उघडलं. आजच्या कोट्यवधींच्या करारांमागे कर्ट फ्लडचा त्याग आहे, हे मला दरवेळी आठवतं.

आता या शिडीला वय जोडून पाहा. बहुतेक बेसबॉलपटूंचा बहर पंचविशी ते अठ्ठाविशीच्या आसपास असतो. कॉलेज, मग मायनर लीगची, म्हणजे खालच्या पातळीवरच्या लीगची, वर्षं, मग मेजर लीगची सहा वर्षं, एवढं होईतो खेळाडू एकोणतीस-तीस वर्षांचा झालेला असतो. म्हणजे तो सर्वांत चांगला खेळतो तेव्हा सर्वांत स्वस्त असतो आणि उतरणीला लागतो तेव्हा सर्वांत महाग. श्रीमंत संघ बाजारातून जे विकत घेतो, त्यातला बराचसा पैसा खेळाडूने दुसऱ्या संघासाठी आधीच करून दाखवलेल्या कामगिरीचा मोबदला असतो. आल्बर्ट पुहोल्स सेंट लुइसमध्ये अकरा वर्षं देवासारखा खेळला. डिसेंबर २०११ मध्ये एंजल्स या दुसऱ्या संघाने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. तो पुहोल्स एंजल्सला फारसा दिसलाच नाही, आणि करार संपायच्या आधीच, मे २०२१ मध्ये, त्यांनी त्याला सोडून दिलं.

ओकलंडच्या २००२ च्या संघाची गोष्ट जगभर सांगितली जाते. सुमारे ४ कोटी डॉलर पगारावर त्यांनी १०३ सामने जिंकले, त्यात सलग २० जिंकण्याचा पराक्रमही आला. न्यूयॉर्क यँकीजनेही त्या वर्षी १०३ च जिंकले, पण त्यांचा पगार होता साडेबारा कोटींच्या आसपास. ओकलंडचे व्यवस्थापक बिली बीन आणि त्यांचे सहकारी पॉल डीपोडेस्टा यांनी ओळखलं होतं की बाजार बॅटरच्या फटक्यांना जास्त भाव देतो, पण बाद न होता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, पोचण्याच्या कलेला कमी. ज्याला चार चुकीचे चेंडू सोडून फुकटात बेस मिळवता येतो असा बॅटर तेव्हा स्वस्तात मिळे. त्यांनी असे खेळाडू गोळा केले. त्यांचं हे निरीक्षण खरं होतं आणि त्याने हा खेळ बदलला.

पण या गोष्टीतला मोठा भाग सांगायचा राहून जातो. त्या संघाचा कणा म्हणजे टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तीन तरुण पिचर. झिटोला त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. शॉर्टस्टॉपच्या जागी फिल्डिंग करणारा मिगेल तेहादा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे चौघेही संघाने स्वतः घडवलेले आणि सहा वर्षांची मुदत अजून न भरलेले, म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरचे होते. ओकलंडची हुशारी त्यांना शोधण्यात आणि घडवण्यात होती, यात वाद नाही. पण तो संघ इतका स्वस्त होता, याचं मोठं कारण नियमच तसे होते. मुदत भरली तसे ते एकेक करून गेले. तेहादा २००३ च्या शेवटी बाल्टिमोरला गेला. हडसन आणि मल्डरला संघाने मोकळे व्हायच्या आधीच, २००४ च्या डिसेंबरमध्ये, दुसरीकडे देऊन टाकलं. २००६ च्या शेवटी झिटोही गेला.

झिटोचं पुढे काय झालं ते बघा, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका माणसात दिसतं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर दिले. पिचरसाठी तोवरचा तो सर्वांत मोठा करार होता. जायंट्सकडे त्याने ६३ सामने जिंकले आणि ८० हरले. २०१० मध्ये जायंट्स वर्ल्ड सीरिज जिंकले, तेव्हा प्लेऑफच्या चमूत झिटोला जागाही नव्हती. त्यांना जिंकून दिलं ते टिम लिन्सेकम, मॅट केन, मॅडिसन बमगार्नर आणि बस्टर पोझी या स्वतः घडवलेल्या मुलांनी. झिटोवरचा खर्च वाया गेला तरी जायंट्स उभे राहू शकले. ओकलंडने तोच करार केला असता, तर पुढची सात वर्षं त्यांना मान वर काढता आली नसती.

पैशाचं खरं काम मला इथे दिसतं. श्रीमंत संघाला चूक परवडते.

आता थोडा हिशेब करू. बेसबॉलचे आकडेमोड करणारे लोक 'बदली खेळाडू' ही कल्पना वापरतात. बदली खेळाडू म्हणजे किमान वेतनावर केव्हाही मिळेल असा, मायनर लीगमधून उचललेला. चमूतले सगळे २६ जण असेच घेतले, तर खर्च येईल सुमारे २ कोटी डॉलर आणि असा संघ १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल असा अंदाज बांधला जातो. चांगल्या खेळाडूची किंमत मग यावरून ठरते की त्याच्यामुळे या ४८ मध्ये किती विजयांची भर पडते. खुल्या बाजारात अशा एका जादा विजयाचा भाव अलीकडे ८०-९० लाख डॉलरच्या घरात धरतात. प्लेऑफमध्ये हमखास जायचं तर ९५ विजय हवेत, म्हणजे ४७ ची भर. ती सगळी बाजारातून घ्यायची म्हटलं, तर ४० कोटी डॉलर लागतील. इतका पैसा ओतणारा संघ एखादाच. म्हणून नुसत्या बाजारावर कोणीच जगू शकत नाही. प्रत्येक यशस्वी संघ, अगदी डॉजर्ससुद्धा, स्वस्त तरुण खेळाडूंवर उभा असतो. फरक एवढाच, की श्रीमंत संघ त्या पायावर आणखी मजले चढवू शकतो आणि गरीब संघाला ते जमत नाही.

पाया नसताना मजले चढवले तर काय होतं, त्याचं उदाहरण पुन्हा एंजल्स. त्यांच्याकडे माइक ट्राउट होता, आपल्या पिढीतला बहुधा सर्वोत्तम खेळाडू, साडेबेचाळीस कोटी डॉलरच्या वरच्या करारावर. २०१८ ते २०२३ अशी सहा वर्षं ओतानीही होता, जो पिचिंगही करतो आणि होम रनही मारतो. दोघं एकाच संघात आणि प्लेऑफ एकदाही नाही. क्रिकेटमध्ये सलामीचा एकच फलंदाज दिवसभर खेळून सामना फिरवू शकतो. बेसबॉलमध्ये बॅटरची पाळी दर नऊ जणांत एकदाच येते. ट्राउटला सामन्यात चार-पाच वेळाच बॅट हातात घ्यायला मिळते. सुरुवातीचा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा येतो. महान खेळाडूही वर्षाला आठ-दहा विजयांची भर घालतो, आणि तीसुद्धा विलक्षण वर्षात. बाकीचे चोवीस जण कसे आहेत यावर सगळं अवलंबून असतं. त्यात एंजल्सने २०१९ च्या शेवटी अँथनी रेंडॉनला साडेचोवीस कोटी दिले आणि तो दुखापतींतून बाहेर येऊच शकला नाही.

२०२३ हे वर्ष तर पैशावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी फार वाईट गेलं. सर्वाधिक खर्च करणारे तीन संघ, न्यूयॉर्क मेट्स, यँकीज आणि सॅन डिएगो पाद्रेस, तिन्ही प्लेऑफच्या बाहेर राहिले. मेट्सने दोन वयस्कर पिचरना, मॅक्स शर्झर आणि जस्टिन वर्लँडर यांना, वर्षाला प्रत्येकी ४ कोटी ३० लाखांच्या वर देऊ केले होते. हंगामाच्या मध्यावर दोघांनाही दुसऱ्या संघांकडे पाठवून दिलं आणि ७५ विजय, ८७ पराभवांवर वर्ष संपवलं. त्याच वर्षी तळाच्या पगाराच्या बाल्टिमोरने १०१ सामने जिंकले.

पण एका वर्षावरून निष्कर्ष काढायला मी तयार नाही, कारण बेसबॉलमध्ये नशिबाचा वाटा फार मोठा आहे. एखादं नाणं १६२ वेळा उडवा. सरासरी ८१ वेळा छापा पडायला हवा. पण तीनपैकी साधारण एका वेळी हा आकडा ७५ ते ८७ च्या बाहेर जाईल. म्हणजे अगदी मध्यम दर्जाचा संघ केवळ दैवाने ८८ जिंकून प्लेऑफमध्ये जाऊ शकतो किंवा ७४ वर अडकून व्यवस्थापकाची नोकरी घालवू शकतो. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, आधुनिक काळातला हा सर्वांत वाईट विक्रम. त्यांनीसुद्धा चारातला एक सामना जिंकलाच.

ऑक्टोबरमध्ये नशिबाचा हात आणखी मोठा होतो. समजा एक संघ इतका भारी आहे की समोरच्याविरुद्ध प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के आहे. पाच सामन्यांची एक आणि सात सामन्यांच्या दोन, अशा तीन मालिका ओळीने जिंकल्या की विजेतेपद. गणित मांडलं तर ही शक्यता येते सुमारे २२ टक्के. ५५ ऐवजी ६० धरली तरी ३४ टक्के. म्हणजे सगळ्यांत भारी संघही तीनपैकी दोन वेळा हरणारच. यँकीजने १९९९ ते २०१३ अशी सलग पंधरा वर्षं हंगामाच्या सुरुवातीला सर्वांत मोठा पगार दिला आणि त्यात वर्ल्ड सीरिज जिंकल्या तीन. पण प्लेऑफ त्यांचे त्या पंधरा वर्षांत दोनदाच हुकले. पैशाने दरवर्षी लॉटरीचं तिकीट मिळत राहिलं. २००३ मध्ये त्यांना अंतिम फेरीत हरवलं ते त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पगार देणाऱ्या फ्लोरिडा मार्लिन्सनी, आणि पुढची सोळा वर्षं मार्लिन्सना प्लेऑफच दिसले नाहीत.

पगार आणि विजय यांची आकडेवारी शेजारी ठेवून बघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पैशाने विजय मिळतो तसा विजयानेही पैसा येतो. जिंकणारा संघ तिकिटं विकतो, टीव्हीवाल्यांकडून जास्त घेतो आणि पुढच्या वर्षी पगार वाढवतो. शिवाय जुलैच्या अखेरीस खेळाडूंची अदलाबदल होते. तेव्हा पुढे असलेले संघ महाग खेळाडू उचलतात आणि मागे पडलेले त्यांना सोडून देतात. त्यामुळे वर्षअखेरचे पगार आणि वर्षाचे विजय यांची जोडी लावली तर संबंध आहे त्याहून घट्ट दिसतो. एप्रिलमधल्या पहिल्या दिवसाचे आकडे घेतले तर तो सैल होतो, पण नाहीसा होत नाही. एका वर्षापेक्षा दहा वर्षांची बेरीज घेतली तर तो पुन्हा ठळक दिसतो, कारण इतक्या काळात नशिबाचे चढउतार एकमेकांना खोडून टाकतात.

आता डॉजर्सकडे परत. त्यांच्या यशाचा जो माणूस केंद्र आहे तो अँड्र्यू फ्रीडमन. वॉल स्ट्रीटवरून बेसबॉलमध्ये आलेला हा गृहस्थ आधी टँपा बे रेज हा संघ चालवत होता, लीगमधल्या सर्वांत गरीब संघांपैकी एक. २००८ मध्ये त्याने रेजला वर्ल्ड सीरिजपर्यंत नेलं. काटकसर, तरुण खेळाडू, प्रत्येक निर्णयामागे आकडे, ही तिथली शिस्त. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डॉजर्सने त्याला आणलं. त्याच्या आदल्या वर्षीच त्यांनी २५ वर्षांचा ८०० कोटी डॉलरच्या वरचा टीव्ही करार केला होता. गरीब घरात शिकलेली काटकसर आणि श्रीमंत घराची तिजोरी एकत्र आली. ओकलंडला जे सुचलं होतं ते आता सगळ्यांनाच येतं, आणि ज्याच्याकडे पैसाही आहे तो ते जास्त चांगलं करू शकतो. संशोधक, संगणक, डॉक्टर, प्रशिक्षक यांवरच्या खर्चाला तर लक्झरी टॅक्सही लागत नाही.

एंजल्सकडून मोकळा झालेल्या ओतानीशी डॉजर्सने केलेला करार त्याच डोक्यातून उमटलेला आहे. ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी मिळणार आहेत. सध्या तो वर्षाला २० लाख घेतो. कराच्या हिशेबात त्याचे वर्षाला ७ कोटींऐवजी ४ कोटी ६० लाखांच्या आसपासच धरले जातात. आणि त्याच्यामुळे जपानी प्रायोजकांची रांग लागली. २०२५ मध्ये डॉजर्सच्या घरच्या सामन्यांना पहिल्यांदाच ४० लाखांवर प्रेक्षक आले.

तरीही २०२५ च्या नियमित हंगामात सर्वाधिक सामने जिंकले ते डॉजर्सनी नव्हे. तो मान मिलवॉकी ब्रुअर्सचा, ९७ विजय. छोटं शहर, डॉजर्सच्या निम्म्याहूनही बराच कमी पगार. सहा महिने त्यांनी सगळ्यांना मागे ठेवलं. मग ऑक्टोबरमध्ये त्यांची गाठ डॉजर्सशी पडली आणि चार सामन्यांत ते चारही हरले. चार सामन्यांत मिळून त्यांच्या धावा झाल्या चार.

याला नुसतं दैव म्हणून सोडून देता येत नाही. सहा महिने रोज खेळताना पाचवा पिचर, राखीव कॅचर, कोपऱ्यातला अनोळखी रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच येणारा पिचर), सगळ्यांची परीक्षा होते. तिथे मिलवॉकीसारखा समतोल संघ चमकतो. ऑक्टोबरमध्ये मध्ये सुट्टीचे दिवस असतात, त्यामुळे तीन-चार सर्वोत्तम पिचरवरच भागतं. महागडे तारे तिथे जास्त इनिंग टाकतात. ब्लेक स्नेलला डॉजर्सने पाच वर्षांसाठी १८ कोटी २० लाख दिले होते आणि खांद्याच्या दुखण्यामुळे नियमित हंगामात तो फक्त अकरा सामन्यांत उतरला. टायलर ग्लासनाऊही कित्येक आठवडे बाहेर होता. इतर कुठल्याही संघाचा हंगाम एवढ्याने बुडाला असता. डॉजर्सने त्यांना शांतपणे बरं होऊ दिलं, ९३ सामने जिंकून प्लेऑफ गाठला, आणि मिलवॉकीविरुद्ध पहिल्याच सामन्यात स्नेलने आठ इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. चौथ्या सामन्यात ओतानीने दहा बॅटरना स्ट्राइकआउट करून बाद केलं आणि स्वतः तीन होम रन मारले.

इथे गरीब संघांच्या मालकांविषयीही बोललं पाहिजे, कारण सहानुभूती सगळी त्यांच्याकडे जाते. मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा एका सामायिक तिजोरीत टाकतो आणि तो तीसही संघांत सारखा वाटला जातो. डॉजर्स आणि यँकीज देतात, पिट्सबर्ग आणि मायामी घेतात. हा पैसा संघ सुधारण्यासाठी आहे. तो त्यासाठी वापरला जात नाही, अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार संघांविरुद्ध केली होती: पिट्सबर्ग, टँपा बे, मायामी आणि ओकलंड. त्यातल्या ओकलंडच्या मालकाने शेवटी शहरच सोडलं. २६ सप्टेंबर २०२४ ला तिथे शेवटचा सामना झाला. २००२ मध्ये त्या वीस विजयांसाठी ज्यांनी गळे सुकवले, त्यांच्या शहरात आज मेजर लीगचा एकही संघ नाही. याचं मला फार वाईट वाटतं. पैशाच्या चर्चेत हे लोक कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि पगारावर मर्यादा आणायची मागणी मालकांच्या बाजूने पुन्हा जोर धरते आहे. संघटनेचा तिला जुना विरोध आहे. डॉजर्सला रोखायचं म्हणून वर छत घालणं लोकांना सोपं वाटतं. पण छतामुळे पिट्सबर्गचा मालक एक डॉलरही जास्त खर्च करणार नाही. त्यासाठी खाली जमीन लागते, म्हणजे किमान इतका पगार दिलाच पाहिजे असा नियम. आणि त्याहून आधी हवी आहे पहिल्या सहा वर्षांच्या शिडीत सुधारणा, कारण जो सर्वांत चांगलं खेळतो त्यालाच सर्वांत कमी मिळतं, हा या व्यवस्थेतला मला सर्वांत खुपणारा अन्याय आहे.

पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स हे त्याचं आजचं उदाहरण. २०२४ मध्ये तो आला आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ मध्ये त्याने साय यंग पुरस्कार एकमताने जिंकला. त्या वर्षीचा त्याचा पगार दहा लाख डॉलरहूनही कमी होता. रोहासला त्याच्या पाचपटीच्या वर मिळत होते. स्कीन्सचा संघ त्या वर्षी ७१ सामने जिंकला आणि ९१ हरला. पिट्सबर्गने २०१५ नंतर प्लेऑफ पाहिलेला नाही, आणि स्कीन्स दर पाच-सहा दिवसांनी मैदानात उतरतो तेव्हा समोरचा संघ कुठलाही असो, जगातला बहुधा सर्वोत्तम पिचर पिट्सबर्गकडे असतो. २०२९ चा हंगाम संपला की तो फ्री एजंट होईल. तेव्हा तो २७ वर्षांचा असेल.